जळक्या तेलावरची होडी

शेजारच्या घरात कढई तापली की ती घटना आजही आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सगळं ठाणं मोर्चांच्या बंदोबस्तात, आणि मी, तिथली एकुलती एक बाई फौजदार, टेबलाशी एकटीच डबा खात बसलेली. मी खोलीत शिरले की जमादारांच्या गप्पा बंद व्हायच्या. त्याला मी माझा दरारा समजत असे. काय ते शहाणपण!

लालबागच्या एका गोदामातून वनस्पती तुपाचे डबे चोरीला गेले. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून तपास माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी वरळीच्या कोळीवाड्यातून खबऱ्या आला.

"बाईसाहेब, आमच्याकडं एका होडीच्या इंजिनाला भज्यांचा वास येतो."

"होडीवर कोण असतं?"

"तीच तर गंमत. बाई हाय. नवरा गेल्यापासून एकटीच दर्यात जाते. वाड्यात कोण बोलत नाय तिच्याशी."

खबर का आली, ते या शेवटच्या वाक्यात होतं. मी ते डायरीत टिपलंसुद्धा नाही.

सकाळी मी एक जमादार सोबत घेऊन पोचले तेव्हा होडी नुकतीच किनाऱ्याला लागत होती. धुराला खरंच तळणाचा वास. इंजिनाशेजारी डिझेलचा छोटा डबा आणि काळपट तेलाचा मोठा.

"बंद कर आधी ते!" मी ओरडले.

"मना दोन मिंटा दे गो बाय. इंजिनाच्या नलीन डिझेल जाऊंदे, मंग बंद करते."

"पुरावा धुऊन काढतेस?"

जमादार हळूच म्हणाले, "बाईसाहेब, दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

"जमादार, कायदा मी शिकून आलेय."

त्यांनी मुकाट्यानं तेलाची कळ फिरवली. इंजिन गचके देत थांबलं. ती त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

ठाण्यात मी दम भरला, "डबे कुठून आणलेस?"

"कसले डबे? परळच्या खानावळीत मावरा देते, तिकडचा जळका त्याल आणते. डिझेल परवडत नाय."

"तळणाच्या तेलावर इंजिन चालतं होय?"

"चालता. आधी डिझेल. तापला का त्याल. बंद करताना परत डिझेल. नाय तर नलीन थिजता."

हे मी जबाबात सुवाच्य अक्षरात उतरवलं, खाली तिचा अंगठा घेतला. अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही. इंजिन उतरवून मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणलं. आठवड्यानं, पंचांना चालवून दाखवते म्हणून, मीच पदर खोचून हँडल मारलं. फिरेना. मी आणखी जोर लावला. आत कटकन काहीतरी तुटलं.

खानावळवाल्यानं तिचा शब्द न् शब्द खरा ठरवला. मग मी गोदामात पुन्हा गेले. कुलूप शाबूत होतं. ते पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. दुसरी चावी मालकाच्या मेहुण्याकडं असायची; त्याला विचारलं, तर त्यानं कबूलच केलं. डबे त्यानंच विकले होते. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

इंजिन न्यायला ती आली, सोबत मिस्त्री. त्यानं बघितलं आणि मान हलवली. नळीत तेल थिजलेलं, पंप तुटलेला, सुटा भाग परदेशातून यायचा. तिनं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होते.

"त्याचाच आवाज होता गो सोबतीला," एवढंच म्हणाली.

होडी तिनं विकली. पुढं भायखळ्याच्या बाजारात ती दुसऱ्यांची मासळी विकताना दिसायची. मला पाहिलं की टोपली नीट करायला लागायची.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत आरोपीनं दोन मिनिटं मागितली की मी दिली. काही जण पळालेही. पळू देत.

आता मी एकटीच असते. रविवारी नातवाचा फोन येतो. "आजी, ठेवू?"

"दोन मिनिटं थांब की रे," मी म्हणते.

कधी थांबतो. नाही थांबला, तर मी शेजारच्या कढईचा आवाज ऐकत बसते.