कंपाउंडपलीकडचा राब

मी एका अर्जात राबाला कचरा लिहिलं. लिहिताना तो राब आहे हे मला पक्कं माहीत होतं. नकळत झालेली ती चूक नव्हती, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, त्यांना आम्ही कवळं म्हणतो, त्यावर पातेरा म्हणजे गळालेला पाला, आणि गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, दबकत जळते. त्या धगीने जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि पुढे पेरलेलं भात स्वच्छ उगवतं. माझा जन्म पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीतला. दहावीपर्यंत दर उन्हाळ्यात मी आईबरोबर डोक्यावरून कवळांचे भारे वाहिलेले आहेत. मान कशी अवघडते ते अजून आठवतं.

आता मी राहतो ती वसाहत महाड आणि पोलादपूरच्या मध्ये, हायवेपासून थोडी आत, भराव टाकून उचललेल्या जमिनीवर आहे. महाडकडे घर बघायला गेलेला माणूस स्वयंपाकघर बघण्याआधी पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो. इथे बिल्डरच्या माणसाने ते आम्ही विचारायच्या आत सांगितलं, आणि माझी बायको तिथेच अर्धी तयार झाली. मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे. कंपनीची बस गेटवर येते, हे उरलेल्या अर्ध्यासाठी पुरलं.

गेटपाशी नकाशाचा मोठा फलक आहे. मधोमध सरळ रस्ता, त्याच्या टोकाला क्लबहाउस. डाव्या हाताला बंगले, उजव्या हाताला रो-हाउसच्या चार ओळी, मागे तीन इमारती आणि पाण्याची टाकी. रस्त्यांना फुलांची नावं दिली आहेत. आम्ही बकुळ मार्गावर राहतो. तिथे पाम लावलेले आहेत. सगळ्या रो-हाउसना एकच रंग, एकसारखं फाटक, फाटकाशी एकेक सिमेंटची कुंडी. राहायला आलो त्या आठवड्यात मी दोनदा शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावून बघितली. नियमांचं पुस्तक छापील मिळतं. दर्शनी बाजूला गोधड्या वाळत टाकायच्या नाहीत, सुकी मासळी वाळवायची नाही, अंगणात चूल मांडायची नाही. अंगण म्हणून दिलेल्या जागेत एक गाडी मावते, त्यामुळे चुलीचा प्रश्न तसा नव्हताच. बंगलेवाले मुंबई-पुण्याचे, शनिवार-रविवारी येणारे. रो-हाउसमध्ये आम्ही कारखान्यांतले, शाळांतले, बँकांतले लोक. सोमवारी सकाळी क्लबहाउससमोरून चालत गेलं तर माळी सोडून कुणी दिसत नाही.

नकाशाच्या उजव्या अंगाला पाचरीसारखा आत घुसलेला एक तुकडा आहे. फलकावर तो बागेच्याच हिरव्या रंगाने रंगवला आहे, नाव मात्र दिलेलं नाही. नवे लोक विचारतात, ही बाग कधी होणार. ती बाग नाही, भाताची चार खाचरं आणि रोपाचे पाच तुकडे आहेत. मालकाने जमीन विकली नाही, म्हणून आमची भिंत तिला तीन बाजूंनी वळसा घालून गेली. मालक सत्तरीच्या पुढचे. ओढ्यापलीकडच्या गावात राहतात. त्यांच्या बायको सकाळी आमच्या गेटपाशी वालाच्या शेंगा, भोपळा, कैऱ्या घेऊन बसतात. आम्ही त्यांना काका आणि काकी म्हणतो. काका मला ‘सायब’ म्हणायचे, मीही ते कधी सुधारलं नाही.

काकींचं माझ्या बायकोशी चांगलं जमतं. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला, जमीन विकून मोकळे व्हा म्हणून मागे लागलेला. शेवटी बापलेकांत ठरलं होतं की काकांच्या हातून सगळी लावणी होतेय तोवर विषय काढायचा नाही. ज्या वर्षी खाचरं पड राहतील त्या वर्षी काकांनी मुकाट्याने सही करायची. म्हणजे दर पावसाळ्यात काकांची जमीन त्या वर्षाच्या लावणीवर अडकलेली असायची. हे काकींनी बायकोला सांगितलं होतं, बायकोने मला. अर्ज लिहिला तेव्हा मला हेही माहीत होतं.

सोसायटीचा सचिव मला केलं ते माझं मराठी बरं म्हणून. अध्यक्ष मुंबईच्या एका बँकेतून निवृत्त झालेले, बंगलेवाले, बोलायला सरळ आणि सभ्य. मी सचिव झालो त्याच वर्षी काकांनी दोन राब भाजले आणि धूर रो-हाउसच्या शेवटच्या ओळीत शिरला. पूर्वी तो मोकळ्या माळावरून निघून जायचा. आता मध्ये आमची भिंत आणि भिंतीमागे दोन मजले. गाड्यांवर राख बसली. शेवटच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंना दम्याचा त्रास होता, त्यांना दोन दिवस मुलीकडे न्यावं लागलं. तक्रार खोटी नव्हती, हे मला आजही मान्य आहे.

रविवारी क्लबहाउसमध्ये सभा झाली. एकजण म्हणाला, काका बार्बेक्यू करतात आणि आपल्याला बोलावत नाहीत. सगळे हसले, मीही हसलो. मग अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही इकडचेच ना? हे लोक नेमकं जाळतात काय?”

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी वसाहतीत सगळ्यांना ‘महाडचा’ असं सांगितलेलं होतं. वाडीचं नाव घेतलं की पुढे डोंगर, चालत जायची शाळा, सगळं निघतं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर एक कौतुक येतं, ते मला नको असायचं. आता राब म्हणजे काय हे सांगायचं तर शेणापासून सुरुवात करावी लागणार होती.

“कचरा असतो,” मी म्हणालो. “पालापाचोळा वगैरे.”

तक्रार करायचा ठराव झाला आणि त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. राहत्या वस्तीलगत उघड्यावर वारंवार कचरा जाळला जातो, ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, योग्य ती कारवाई व्हावी. अक्षर छान आलं होतं. ग्रामपंचायतीत राब सगळ्यांना माहीत, तिथे दिला असता तर शिपायानेही मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी तो पोलिसांकडे दिला. अर्ज कुठे द्यायचा याचाही मी विचार केला होता, हे लिहिताना जड जातं.

चारपाच दिवसांनी एक हवालदार आले. मराठवाड्याकडचे, नवीन बदलून आलेले. अध्यक्ष मुंबईला गेलेले, तेव्हा सचिव म्हणून मीच त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. काकांचे उरलेले तीन राब रचून तयार होते. थर इतके नीट लावले होते की आईची आठवण झाली. काका हातातला कोयता खाली ठेवून उभे राहिले.

हवालदारांनी कचरा जाळण्याबद्दल विचारलं. काका म्हणाले, “कचरा नाय सायब, राब हाय. भात पेरायचाय यात.”

“म्हणजे काय?”

“जमीन भाजायची. नायतर रोपापरीस तणच वर येतंय.” मग त्यांनी माझ्याकडे हात केला. “ह्यांना इचारा. हे इकडलेच हायत.”

हवालदार खरंच माझ्याकडे वळले. त्यांना समजून घ्यायचं होतं, त्यांच्या आवाजात काही दमदाटी नव्हती. मी एक वाक्य बोललो असतो तर ते चहा पिऊन परत गेले असते.

“पालापाचोळाच असतो, साहेब,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं की हा ऑफिसातला माणूस, याला काय कळणार. हवालदारांनी त्यांना वस्तीजवळ काही पेटवू नका असं समजावलं आणि तसं लिहून त्यावर सही घेतली. काका हळूहळू सही करतात, एकेक अक्षर जुळवून. तेवढा वेळ मी फोनमध्ये बघत उभा होतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्याच तालुक्यातली, खालच्या गावची. भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हणजे तुमच्या आईने जन्मभर कचराच जाळला म्हणायचा.”

मी म्हणालो, सभेचा ठराव होता, मी एकटा काय करणार.

“ठरावाला कुठं माहीत होतं राब काय ते? तुम्हाला माहीत होतं.” यानंतर ती आठवडाभर कामापुरतं बोलली. काकींकडून भाजी घ्यायला मात्र मलाच पाठवायला लागली. मुद्दाम पाठवते हे मला कळत होतं. काकी दोन शेंगा वर घालायच्या, म्हणायच्या, सायब, वैनी दिसल्या नाय आज? मी म्हणायचो, बरं नाही.

काकांनी ते तीन राब पेटवले नाहीत. कवळं बाजूला काढली, माती उकरली आणि तशाच जमिनीत बी टाकलं. पाऊस लागल्यावर आमच्या गच्चीवरून पाचही तुकडे दिसायचे. भाजलेल्या दोन तुकड्यांत रोप दाट, एकसारखं. उरलेल्या तिन्हींत आधी गवत आलं. लांबून तेही हिरवंच दिसतं. बंगल्यातल्या एका पाहुण्याने तर त्याचा फोटो काढला. काकी आणि काका घोंगडी-इरलं सोडून प्लास्टिकचे कागद पांघरून रोज वाकून तण उपटत होते. तणाबरोबर रोपही उपटून यायचं. कंपनीच्या बसची वाट बघताना मला ते दोन कागद दिसायचे, एक निळा, एक पांढरा.

लावणी सुरू झाली. दोन खाचरं लागली आणि रोप संपलं. काकी गेटवर यायच्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी बायको स्वतः बांधावर जाऊन आली. काकांनी गावात सगळीकडे रोप मागितलं, पण त्या वर्षी कुणाकडेच उरलेलं नव्हतं. मुलाचा फोन येऊन गेला होता. येत्या रविवारी तो येणार होता. “दोन खाचरं पड दिसली की झालं,” बायको म्हणाली. “काका म्हणे फोनवर नुसतं हूं हूं करत होते.”

मी त्याच संध्याकाळी वाडीला भावाला फोन केला. आमच्या घरी दर वर्षी दोन तुकडे जास्तीचे भाजतात, कुणाला कमी पडलं तर द्यायला. आईची पद्धत, भावाने चालू ठेवली आहे. तो म्हणाला, हाय रोप, ये घेऊन जा, पण तुला कशाला रे? गॅलरीत लावतोस काय? मी खरं कारण सांगितलं नाही. शेजाऱ्याला पाहिजे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पावसात भाऊ, वहिनी आणि मी दुपारपर्यंत रोप उपटत होतो. पंचवीस वर्षांनी हात चिखलात गेले. मला जुडी बांधायला वेळ लागत होता आणि वहिनी माझ्या जुड्या सोडवून परत बांधत होती. टेम्पो भरून घाट उतरताना मी मनात ठरवत होतो की रोप द्यायचं, कुठून आणलं ते सांगायचं नाही, आणि विषय संपवायचा. भरपाई झाली म्हणजे झालं, असं मला खरंच वाटत होतं.

मुख्य गेटमधून टेम्पो आत घ्यायला रखवालदाराने नकार दिला, नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. ओढ्याच्या बाजूने वळसा घालून बांधापर्यंत आलो. काका रिकाम्या खाचराच्या कडेला उकिडवे बसले होते. काकी उरलेल्या तणातून रोपाची एकेक काडी शोधत होत्या. मी जुड्या उतरवायला लागलो. काका उठून आले. आधी त्यांनी सगळा ढीग नजरेने मापला, मग खाचराकडे बघितलं.

“पुरंल,” ते म्हणाले. काकींना हाक मारून परत म्हणाले, “पुरंल गो.”

मग त्यांनी एक जुडी सोडली, पाण्यात खळबळून मुळं बघितली, बोटांनी काड्या वेगळ्या केल्या. एकही गवताची काडी नव्हती.

“कुठली ही, सायब?”

“आमच्या वाडीची. भावाकडची.”

“चांगली भाजलेली जमीन हाय.” ते जुडीकडेच बघत होते. “तुमच्याकडं राब करतात?”

“करतात.”

“तू केलायस?”

‘सायब’ गेलं होतं. मी म्हणालो, “दहावीपर्यंत. आईबरोबर.”

काकी हातातलं तण तसंच धरून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. काकांनी जुडी खाली ठेवली.

“म्हणजे त्या दिवशी तुला ठाऊक व्हतं,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खात्री करून घेत होते.

ठराव, अध्यक्ष, दम्याच्या बाई, सगळं मला त्या वेळी आठवलं, आणि त्यातलं काहीही बोलता आलं असतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी चपला काढल्या, का ते सांगता येणार नाही, आणि चिखलात उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“ठाऊक होतं, काका. पोलिसांकडचा अर्जही मीच लिहिला. राब आहे हे माहीत असताना मी कचरा लिहिलं, आणि तुम्ही हवालदारांसमोर माझं नाव घेतलंत तेव्हा परत खोटं बोललो. तुमची जमीन जायची वेळ आली ती माझ्यामुळे. माझं चुकलं. काकी, तुमचाही अपराधी आहे मी. मला माफ करा.”