सात ठिपक्यांचं झुरळ

आधी अक्कांचं सांगते. पाचोऱ्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागे त्यांचं शेत होतं आणि आमच्या खोलीची भिंत त्यांच्या बांधाला लागून. माझ्या मुलाचे दोन्ही डोळे आज धड आहेत ते त्यांच्यामुळे. हे पहिल्यांदाच लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सांगण्याच्या भरात नेमकं तेच राहून जाईल अशी धास्ती वाटते.

मी खाडीकाठची. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी या कपाशीच्या मुलखात येऊन पडले. यजमान जिनात फिटर. कापूस संपला की जिन बंद. मग पावसाळाभर ते धुळ्याला दुसऱ्या एका जिनाची यंत्रं दुरुस्त करायला जात. मागे मी आणि रांगतं मूल. इथली बोली मला अर्धीच कळे. शेजारच्या बायका हसत, "कोकणीन बाई मासा खाई जास, अन् किडाले भीस!"

भीतच होते मी. एक विशिष्ट किडा होता. काळा, लांबट, पाठीवर सहा पांढरे ठिपके. डिवचला की मागच्या बाजूने जळजळीत पाणी उडवतो. त्याचा फवारा लागून एका गुराख्याचा डोळा सुजून बंद झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून अंगणात पाय टाकताना आधी जमीन बघायची सवय लागली होती.

त्या दुपारी पाऊस उघडला होता. मी ओट्यावर बाजरी निवडत होते. मूल रांगत निंबाखाली कधी गेलं कळलंच नाही. रडणं ऐकू आलं म्हणून धावले, तर मुठीत काळं काहीतरी वळवळतंय, त्यावर पांढरे ठिपके, आणि त्याच मुठीने तो डोळा चोळतोय. डोळा लालभडक. मी कशी किंचाळले ते मला आठवत नाही. लोकांनी नंतर सांगितलं की जिनाच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

जिनाचे राखणदार नाना धावत आले. मनाने फार चांगला माणूस. ठिपके दिसताच त्यांनी कमरेची चुन्याची डबी काढली. इकडे गांधीलमाशी चावली की चुनाच लावतात. नाना म्हणाले, "तिखट पाण्यावर चुनाच पाहिजे. बाई, पोराचं डोकं घट्ट धर. उशीर झाला तर डोळा गेला समज."

मी धरलं. माझे हात नाना सांगतील तसे चालत होते. नानांनी बोटावर चुना घेतला, दुसऱ्या हाताने पापणी उघडली.

"थांबा नाना!"

निंदणी टाकून बांधावरून आलेल्या अक्का. त्यांनी नानांचं मनगट धरलं. मग खाली वाकून, मुलाच्या मुठीतून निसटून पाल्यात शिरू बघणारा तो किडा चिमटीत उचलला.

"पह्यले मना डोयाले," अक्का म्हणाल्या. "मंग पोरना डोयाले."

"अक्का, येडी झालीस का?" नाना ओरडले.

"मना डोया म्हातारा शे. गया ते गया."

आणि त्यांनी तो किडा स्वतःच्या पापणीवर चिरडला. आता अक्का खाली कोसळतील, असं वाटलं. त्या उभ्याच. डोळा मिचकावला, नाक मुरडलं.

"काही जयस नही. वास मारस, बस. नाना, तो चुना पानले लावा."

नानांनी बोटावरचा चुना पुसला आणि डबी बंद केली. अक्कांनी तांब्याभर स्वच्छ पाणी हळूहळू डोळ्यात सोडलं, तसा पापणीखालून निंबाच्या वाळक्या पानाचा एक तुकडा बाहेर आला. एवढंच सलत होतं. मूल हुंदके देत देत माझ्या खांद्यावर झोपलं.

त्यानंतर मी तो निंब सोडला नाही. भीती जाईना, म्हणून बघत बसायचे. पाल्याखाली तपकिरी, बिनपंखी किडे असत; झाडू लागला की मातीत घुसायचे. पुढच्या वर्षी पावसाळा लागला तेव्हा त्यातल्या एकाची कात माझ्यासमोर सुटली, आणि थोड्या वेळाने आतल्या फिकट जिवाच्या पंखांवर काळा रंग चढला, पांढरे ठिपके उमटले. मी चाट पडले. मुलाच्या मुठीतलं ते झुरळ होतं! साधं झुरळ, पण अंगाने गोल. घरात येत नाही, भाकरीला शिवत नाही, वाळका पाला खाऊन राहतं. ठिपके मोजले तर डाव्या पंखावर चार, उजव्यावर तीन. ते कुणाचंच काही बिघडवत नाही. शिपायाचा जुना कोट घालून हिंडणाऱ्या गरीब माणसासारखं, त्या जळजळीत किड्याचं सोंग घेऊन जीव वाचवतं.

मी धावत बांधावर गेले. "अक्का, ते झुरळ होतं! तुम्हाला ठाऊक होतं ना?"

अक्का निंदताना थांबल्या. "झुरय? माले काय ठाऊक व्हतं?"

"मग डोळ्याला कसं लावलंत?"

"नाना डबी उघाडीसन उभा. तू रडी राह्यनी. कोन्हा तरी डोया लागनाच व्हता ना व माय!" एवढं बोलून त्या पुन्हा गवत उपटू लागल्या.

मी बांधावरच बसले. इतके दिवस मी समजत होते की जाणतं माणूस धीराने वागलं. त्यांना तर काहीच ठाऊक नव्हतं; कुणाचा तरी डोळा लागणारच, तर तो आपला, एवढंच.

आता त्यांच्या त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. मी समुद्राच्या गोष्टी सांगते तेव्हा त्या म्हणतात, "दुसरा काठ नही असं पाणी ऱ्हास का कोठे? खोटं बोलस कोकणीन!" अक्का, तुमची नजर आहे तोवर मी तुम्हाला गाडीत घालून माझ्या माहेरी नेणार आहे. मुलगा तुमचा हात धरील, आणि ते बिनकाठाचं पाणी तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघाल.