सहाचा फरक

लालिबेलात घड्याळ बिघडलं की माणूस वर्कूकडे जायचा. माझ्या कॉफीच्या टपरीला लागूनच त्याचं दुकान. वेळ विचारली तर सरळ सांगेल तर शपथ. "आपली की परक्यांची?" असा उलटा सवाल टाकायचा. आमचा दिवस उजाडल्यापासून मोजतात. सूर्य वर येऊन दोन तास झाले की आमचे दोन वाजतात, तेव्हा परक्यांच्या घड्याळात आठ असतात. आणि विमानं उडतात परक्यांच्या वेळेवर. या सहाच्या फरकावरून वर्कूने अर्ध्या गावाची अक्कल काढली होती, आणि मुलगा तिलाहुन याची तर उठताबसता.

"राजधानीत, अदिसला नोकरी करतो, पण सहा वजा करता येत नाहीत. एकदा विमान चुकवलं त्याने, माहितीये ना?"

माहीत कसं नसणार, शंभरदा ऐकलं होतं.

पावसाळ्यात वर्कूच्या बायकोचं, यशारेगचं, पोट दुखायला लागलं. आतड्याला पीळ पडलाय, इथे कापायची सोय नाही, लगेच अदिसला न्या, असं डॉक्टर म्हणाले. दरड कोसळून रस्ता बंद. राहिलं विमान. डोंगरांवरून सरळ गेलं तर अदिस साडेतीनशे किलोमीटरच्या आत, तासाभराचं काम. तिलाहुनने तिकडूनच तिकिटं काढली आणि फोन केला.

"बाबा, उद्या दोनचं विमान आहे. मी गाडी घेऊन उभा राहतो."

वर्कूने फोन ठेवला आणि तो हसला. "दोन म्हणे. तिकिटावरचा आकडा वाचून दाखवला गाढवाने. परक्यांचे दोन म्हणजे आपले आठ. भर दुपारी निघायचं."

सकाळी मी त्यांच्या घरी कॉफी करायला गेले. यशारेग भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. डोक्यावरून विमान गेलं.

"अहो, हे आपलं नव्हे ना?"

"हे सकाळचं. आपलं दुपारचं. पडून राहा जरा."

"यांचं गणित कधी चुकत नाही हो," ती मला म्हणाली. "अस्काले, लग्नात यांनी पाद्र्यालासुद्धा वेळ शिकवली होती." हसताना तिला कळ आली.

आमच्यात कॉफीचा तिसरा कप झाल्याशिवाय कुणी उठत नाही. तो मी ओतत होते तेवढ्यात फोन वाजला.

"विमान उतरलं. आई कुठंय?" तिलाहुनचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अरे, दोन म्हणजे दुपारचे..."

"मी आठातून सहा वजा केले होते, बाबा. तुम्ही ओरडता म्हणून दोनदा मोजले आणि आपली वेळ सांगितली."

त्या दिवशी दुसरं विमान नव्हतं. यशारेगने दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहिली नाही. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला, अजून येतो, आणि त्याची कीवही येते.

सकाळच्या विमानाने तिलाहुन आला, तासाभरात. वर्कू दारातच उभा होता. त्याने पोराचे दोन्ही हात धरले.

"बरोबर होतं तुझं," तो म्हणाला.

हे ऐकायला पोर जन्मभर आसुसलेलं. ते उंबऱ्यातच खाली बसलं आणि म्हणालं, "नको बाबा. माझंच चुकलं म्हणा."