सासूला ग्रीस लावा

आधी तो चहाचा कप खाली ठेवा बरं. हे ऐकताना शेजारच्या काकूंच्या हातून कप बशीसकट पडला होता आणि तो सेट माझ्या आईचा होता. आता काय सांगू तुम्हाला! माणूस घोळ घालतो तो घरात घालतो, फार तर लग्नकार्यात घालतो. मी घातला तो थेट लष्करासमोर!

तर मी फ्रेंच शिकवते. नगरला, सावेडीत, घरातल्या पुढच्या खोलीत. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझी जीभ अजून वळत नाही.) तुम्हाला वाटेल, काय हुशार बाई! अहो, कसली हुशार? अकरावीला मी फ्रेंच घेतलं ते मार्क पडतात म्हणून. बारावीला सत्त्याण्णव पडले. मग पुण्याला जाऊन दोन परीक्षा दिल्या, तिथेही पडले. मार्क पडत गेले आणि मी शिकवत गेले. जिवंत फ्रेंच माणूस मात्र मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या क्लासला एक मुलगी यायची. तिच्या वडिलांचा एमआयडीसीत कारखाना. एक दिवस ते स्वतः आले, हातात हे जाडजूड पुस्तक.

"मॅडम, रणगाडा चिखलात रुतला की त्याला ओढून काढणारी एक गाडी असते. तिच्यावर दोर गुंडाळायचं यंत्र असतं, विंच. ही विंच आहे फ्रेंच. जुनी आहे, गुपित-बिपित काही नाही, पण पुस्तक सगळं फ्रेंचमध्ये. दुरुस्तीचं काम आमच्याकडे येऊ शकतं. तुम्ही हे इंग्रजीत करून द्यायचं."

"देते की!" मी म्हणाले. पुस्तक न उघडताच!

"लष्कराचे साहेब येणार, फ्रान्सहून इंजिनिअर येणार. तुमचा कागद मोठ्यानं वाचायचा आणि त्याप्रमाणे माझी माणसं यंत्र चालवून दाखवणार. चाचणी नीट झाली तर तुम्हाला आमच्याकडे कायमची नोकरी. अशी अजून बरीच पुस्तकं यायचीत."

कायमची नोकरी! मी चौतीस वर्षांची. "सध्या काय करतेस?" हा प्रश्न ऐकून ऐकून मी लग्नांना जाणं सोडलं होतं. ओळखपत्र गळ्यात अडकवून सकाळी नऊला घराबाहेर पडायचं, एवढंच स्वप्न होतं हो माझं! मी पुस्तक छातीशी धरलं.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत माझी हवा गेली. वाक्यं कळत होती, यंत्र कळत नव्हतं. 'गॅले' नावाचा एक भाग पानोपानी. डिक्शनरीत अर्थ काय? समुद्रकाठचा गुळगुळीत गोटा! आता सांगा, रणगाड्याच्या गाडीवर समुद्रकाठचा गोटा कोण ठेवेल? बरं, पुस्तकात चित्रं होती, पण मला चित्र बघून इंग्रजीच काय, मराठी नावही येईना. आमच्या घरी साधा बल्ब बदलायला माणूस येतो.

मग मला मामा आठवला. रावसाहेब मामाचं कोल्हारला, हमरस्त्यालाच, ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली. पुस्तक पिशवीत घातलं, मनमाडकडे जाणारी एसटी पकडली आणि खड्ड्यांतून उड्या मारत कोल्हार गाठलं.

मामानं हात पुसले, चष्मा लावला, पहिलं चित्र बघितलं आणि हसला.

"ह्ये व्हय? ह्ये तर आपल्या ऊस वढायच्या विंचेवानीच हाय की! लिही."

मी वही उघडली.

"दोराचं पिंप दिसतंय? त्येच्या डोक्यावर ह्यो रूळ बसलाय बग. दोराला वरून दाबून धरतो. ही सासू."

"काय?"

"सासू. समदे आसंच म्हनत्यात आमच्यात. अन् ह्यो बारका खटका, ह्यो जावई."

"जावई?"

"व्हय. जरा धक्का लागला का समदं काम बंद!"

तुम्ही म्हणाल, तुला तिथेच शंका कशी नाही आली? अहो, आली ना! पण माझं डोकं जास्त चालतं, हाच तर घोळ आहे. मी विचार केला, इंग्रजीत मदरबोर्ड नाही का? हॉर्सपॉवर नाही का? कॉम्प्युटरला उंदीर जोडतात तेव्हा कोणी हसतं का? तंत्राच्या भाषेत असंच असणार. आपण आर्ट्सवाल्यांनी उगाच फाटे फोडू नयेत. मी एकवीस भागांची नावं लिहून घेतली, मामीच्या हातची भाकरी-आमटी खाल्ली आणि घरी येऊन सगळ्याचं शुद्ध इंग्रजी केलं. शुद्ध म्हणजे इतकं शुद्ध की व्याकरणाची एक चूक सापडली तर नाव बदलीन!

मालकांनी कागद हातात घेतले, पण इंग्रजी वाचायचा त्यांनाही कंटाळा. एवढंच विचारलं, "कोणा जाणकाराला दाखवलंय ना?"

"तीस वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला," मी म्हणाले. खोटं बोलले का? सांगा!

चाचणीचा दिवस उजाडला. शेडमध्ये विंच धुऊन-पुसून उभी. कामगार रांगेत. लष्कराचे साहेब आले, मिशा अशा की त्यांच्याकडे बघून आपोआप पोट आत जावं. त्यांच्याबरोबर फ्रान्सच्या इंजिनिअर बाई. मी ठेवणीतली साडी नेसून हजर, आणि गळा मोकळा ठेवलेला, ओळखपत्रासाठी!

साहेबांनी कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"स्टेप वन. चेक द मदर-इन-लॉ फॉर क्रॅक्स."

यंत्राजवळच्या फिटरनं मागे वळून हळूच विचारलं, "कुनाची?"

साहेबांनी कागद जवळ धरला, मग लांब धरला. "स्टेप टू. अप्लाय ग्रीस टू द मदर-इन-लॉ. डू नॉट स्टँड बिलो हर." थोडं थांबून, "स्टेप थ्री. इफ द मदर-इन-लॉ जॅम्स, द सन-इन-लॉ विल स्टॉप ऑल वर्क."

मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. फ्रेंच बाई मात्र शांतपणे माझ्याजवळ आल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आयुष्यातला पहिला जिवंत फ्रेंच प्रश्न! आणि सत्त्याण्णव मार्कवालीच्या तोंडून उत्तर काय गेलं? "माझं नाव वर्षा. मला दोन भाऊ आणि एक मांजर आहे." आमच्याकडे मांजरही नाही हो!

"मॅडम," मालक दातओठ खात म्हणाले, "तुमचे ते तज्ज्ञ कोण?"

"मामा."

"कुठल्या कंपनीत?"

"कोल्हारला. ट्रॅक्टरचं गॅरेज..."

"लावा फोन. स्पीकरवर लावा."

मी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोल वर्षे! झाली का नोकरी पक्की?"

"मामा, तो दोर दाबणारा रूळ आहे ना, त्याचं खरं नाव काय?"

"कंचा, सासू?"

"तेच खरं नाव आहे ना? सगळीकडे तेच म्हणतात ना?"

मामा म्हणाला, "आगं बाई, खरं कसं आसंल? ती आमच्या गॅरेजातली बोली! डोक्यावर बसून दाबती अन् दिसभर करकर करती, म्हनून मीच ठिवलंय नाव. तू कागदावर लिव्हलं का काय त्ये?"

तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. बाईमाणसाचा, वयस्कर. "कोन वो करकर करती, जावईबापू?"

मामाच्या सासूबाई! नेवाशाहून नेमक्या त्याच दिवशी आलेल्या!

"न्हाई न्हाई, आत्याबाई! मशिनीचं बोलतोय!"

"मशीन कवापासून डोक्यावर बसाया लागली?"

कामगारांची रांग मोडली. कोणी भिंतीकडे तोंड केलं, कोणी खाली बसला. लष्कराचे साहेब निघाले साताऱ्याकडचे, त्यांना शब्दन् शब्द कळत होता. मिशा थरथरायला लागल्या आणि एकदम असे हसले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग त्यांनी फ्रेंच बाईंना सगळं इंग्रजीत समजावलं. त्या तर डोळे पुसायला लागल्या! आणि माझ्या कागदाचा फोटो काढला. म्हणजे मी फ्रान्सलाही पोचले.

शेवटी साहेबांनी सगळा कागद यंत्राशी ताडून पाहिला आणि ते मालकांना म्हणाले, "आठ दिवस देतो. कागद नीट करा. आणि हे मामा यंत्र अचूक ओळखतात, नावं काहीही असोत. एकवीसच्या एकवीस भागांचं काम त्यांना बरोबर कळलंय. असा माणूस ठेवा तुमच्याकडे."

मालक फोनवर वाकले. "मामा, आमच्याकडे कायमचं यायला जमेल का?"

"आत्ता निघू का?" मामा म्हणाला. मागून सासूबाईंचा आवाज अजून येतच होता.

म्हणजे बघा, नोकरी मिळाली. मामाला! मला रडू येत होतं, पण रडायला तरी कोणाचं लक्ष हवं ना! मालक पेन काढून कागदावर एकेक नाव खोडायला लागले. सासू गेली, जावई गेला. तेवढ्यात फ्रेंच बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि साहेबांना विचारलं, "अँड धिस वन? नीस?"

भाची! हा शब्द मामानं सांगितला तेव्हा मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. म्हटलं, यंत्रात आपलंही नातं आहे.

साहेबांनी फोनकडे तोंड केलं. "मामा, हे शेवटचं चाक, याला भाची का म्हणता?"

"आता साहेबांनीच इचारलं म्हनून सांगतो," मामा जरा आवाज खाली करून म्हणाला, "त्ये फिरतं लई झोकात. पन वढत काईच न्हाई."

मालकांनी एकदा त्या चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"एवढं एक नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "हे राहू द्या."