मेहुण्याने खणलेला पाया

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढलं की काळी माती पहारीला दाद देत नाही. म्हणून पाया खणणाऱ्याने गारव्यातच निम्मं काम उरकायचं, हा त्याचा नेम. आठला डबे हलवत येणाऱ्या गवंड्यांना तो माणसांत धरत नसे. त्यातही बायकोच्या भावाला तर मुळीच नाही. हा मेहुणा ओळंबा सोडण्याआधी भांग पाडायचा.

बायकोचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. तिला स्वतःचं दार हवं होतं. जागा घेतली आणि ऐन वेळी त्याची कंबर धरली. तो खाटेवर, पाया मेहुण्याच्या हाती.

"मुरूम लागेपर्यंत खण," त्याने बजावलं.

मेहुणा दुपारीच परतला. "दाजी, झालं काम! पहार टणटण वाजतेय. खाली कातळ आहे कातळ."

"उन्हात वाळलेली काळी पण वाजते, गाढवा. किती खोल?"

"गुडघाभर."

"तुझ्या की कोंबडीच्या?"

"भाऊ आहे माझा," बायको म्हणाली. "तुम्ही उठेपर्यंत थांबले, तर मी भाड्याच्याच खोलीत मरेन."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. घर उभं राहिलं.

पाणी मुरलं तशी माती फुगली. फरशी मधोमध म्हशीच्या पाठीसारखी वर आली. दार चौकटीत रुतलं. बायको स्वतःच्या घरात खिडकीतून ये-जा करू लागली. मेहुण्याने दाराला रंधा मारला. माती वाळून आकसली, तर त्याच दाराखालून मांजर जाऊ लागलं आणि भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. मेहुण्याने ती लिंपली, वर रंग फासला.

"आता कळणार पण नाही, दाजी!"

"कुणाला? मातीला?"

भेग पुन्हा उघडली, तेव्हा बायकोने भांडी अंगणात आणून ठेवली. "पाडा," एवढंच म्हणाली.

कंबरेला पट्टा आवळून तो कामाला उतरला. भिंती उतरवल्या, विटा साफ करून रचल्या. पिवळा मुरूम लागेपर्यंत चर खणले, फरशीखालचीही काळी उपसली. मेहुणा काठावरून सल्ले देत होता. हातात घमेलं दिल्याबरोबर त्याला बाहेरगावचं काम आठवलं.

घर बांधून उरलेली, साठवलेली मजुरी काळीच्या जागी भरायला आणलेल्या मुरमात गाड्यांमागून गाड्या गेली. त्याच विटांच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या आणि शेवटचे पैसे गेले नव्या दारात. जुन्याचं मेहुण्याने रंधा मारून मारून फळकूट केलं होतं.