कावळा शिवला, शेवट राहिला

माझ्या भाषणाला आयुष्यात एकदाच टाळ्या पडल्या. आईच्या दहाव्याला.

सावित्री नदीच्या काठावर सगळं गाव बसलेलं. मी कॉन्व्हेंटच्या सवयीने शेवटी मान झुकवली आणि म्हणाले, "थँक यू."

पुढे बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

माझा थोरला भाऊ, नाना, खाली मान घालून बसला होता. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय.

घरी चालत येताना म्हणाला, "काय गो, कप मिळाला की नुसतं सर्टिफिकेट?"

मी मामाकडे मुंबईत वाढले. नाना इथेच शिकला, इथेच मास्तर झाला. महाड ते पोलादपूर, कुणाचंही दहावं असो, बोलायला नानाच.

आमच्याकडे पिंड ठेवला की कावळा शिवेपर्यंत भाषणं चालतात. शिवला की लोक उठतात. वाक्य अर्धं असलं तरी.

म्हणून नाना शेवट आधी ठरवायचा. गेलेल्याचं कौतुक थोडकंच. मग घरच्यांकडे वळून एकेकाला काहीतरी सोपवायचा.

"म्हातारीच्या कोंबड्या थोरल्या सुनंकडं. भांडली रोज, पण दाणे तिनंच टाकले."

लोक हसायचे आणि डोळे पुसायचे. बाकी भाषण विसरायचे, हे विसरायचे नाहीत.

"गेला त्याला काय सांगायचं हाय? उरलेत त्यांच्या हातात कायतरी दे," मला म्हणायचा.

आज नानाचं दहावं झालं.

सकाळी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, यांच्यासारखं संपवा हं."

मी शेवट पाठ केला होता. वहिनींना विचारूनच.

उभी राहिले. दुसऱ्याच वाक्याला कावळा शिवला.

"मास्तरांचा जीव कशात अडकला नाय बघा," कुणीतरी म्हणालं. लोक चपला शोधू लागले. मी कागदाची घडी केली.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. तीन कप चहा झाला, एकाचीही चव कळली नाही.

शेवट सांगायचा राहिला, तो इथे, या पोस्टमध्ये लिहिते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवा.

नानाचा बॅटरीवरचा स्पीकर भजनी मंडळाला. खरखरला की वरून एक थापट मारायची.

पुस्तकं शाळेला. कपाटाला कुलूप लावू नका.

फणसाची दोन रोपं शेजारच्या काशीबाईंना. ज्या बांधावरून दोघं वीस वर्षं भांडली, त्या बांधावरच लावायची.

वहिनी, पहाटे मोठ्याने बातम्या ओरडणारा रेडिओ तुमचा. आता बंद ठेवलात तरी चालेल.

आणि यापुढे दहाव्याला कोण बोलणार, असं आज नदीवर तिघांनी विचारलं.

ते काम मला द्या. निरोप धाडा, मी येईन.

सावकाश जा, नाना.