कुंकवाच्या उंचीची दोरी

“गाठ फार आवळू नका, उद्या सोडायचीय.” कुसुम मला नीट असं शेवटचं हेच बोलली. शुक्रवारची दुपार होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेली बारा चित्रं आम्ही तिच्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळत होतो. ती गुंडाळायची, मी बांधायचो. मग चहा झाला, ‘जरा पडते’ म्हणाली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मला त्यातलं कळत नाही.

त्याला सहा आठवडे झाले. मी सातवी पास, आयुष्यभर एसटी चालवली. लिहिणं हे तिचं काम. पण चित्रं आमच्याकडे कधी आणता म्हणून इथल्या तीन घरांतून निरोप आलेत, आणि बाईंनंतर हे कोण करतंय असं लोक विचारतात, म्हणून लिहितोय.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. लग्नानंतरच्या वर्षी तालुक्याला रशियन पुस्तकांची मोटार आली होती, तिच्यातून तिनं एक जाड चित्रांचं पुस्तक आणलं. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे काही चित्रकार होते. सरकारी कलाशाळेनं सांगितलं, देवादिकांची चित्रं काढा. हे म्हणाले, आम्ही आमची माणसं काढणार, आणि शाळा सोडली. मग चित्रं पेट्यांत भरून आगगाडीनं गावोगाव न्यायची, तिथल्या लोकांना दाखवायची, पुन्हा पेट्या भरून पुढच्या गावाला. हे ऐकून मी म्हणालो, “म्हणजे तुझे चित्रकार एसटीच चालवायचे म्हण की.” ती इतकी हसली... “हो, तुमच्याच डेपोचे,” म्हणाली. खरं सांगतो, तोवर ती मला जरा परकीच वाटायची. शिकलेली होती ना.

मुलानं, नितीननं, आम्हाला इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणलं, तेव्हा सामानात तिनं ते पुस्तक घेतलं. इथं म्हातारी माणसं घरात बसून असतात. गाडीचं इथलं लायसन नाही, मुलं ऑफिसात. पहिल्या हिवाळ्यात मीही भिंतीकडे बघत बसायचो. एके दिवशी बघतो तर बाई ब्लेडनं पुस्तकाची पानं कापतेय! मी ओरडलो, “चांगलं पुस्तक फाडलंस?” तर म्हणते, “पुस्तक एकानं बघायचं. भिंत दहांनी बघावी. उठा, दोरी आणा.”

तेव्हापासून कधी कुणाच्या गराजमध्ये, कधी बेसमेंटमध्ये आमचं प्रदर्शन लागायचं. भिंतीवर दोरी ताणायची, कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगायची. पहिल्या खेपेला दोरी मी माझ्या उंचीनं बांधली. तिला मान वर करून बघावं लागलं. “हे काय, धुणं वाळत घातलंय?” म्हणाली. मग स्वतःच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. “माझ्या कुंकवापाशी खूण करा. त्याखाली टांगलं की बसलेल्यालाही दिसतं.” तेव्हापासून टेप कधी लागली नाही. बुटकी होती. विमानतळावर गावची माणसं निरोप द्यायला आली, तेव्हा माझ्या छातीशी रडली होती, तर शर्टाच्या दुसऱ्या बटणावर कुंकू लागलं. तो डाग अजून आहे. तिनं पुष्कळ घासला. गेला नाही.

त्या शनिवारचं प्रदर्शन तीन घरं सोडून, रेखाच्या गराजमध्ये होतं. तिच्या सासूबाई दमयंतीबाई नागपूरच्या. वर्षभर चाकाच्या खुर्चीत, दवाखान्याशिवाय बाहेर नाहीत. कुसुमनं त्यांना शब्द दिला होता, “तुम्ही येऊ नका, चित्रंच येतील.”

इथं जाळायलाही तारीख घ्यावी लागते. चौथ्या दिवसाची मिळाली. शनिवारी सकाळी नितीन म्हणाला, “बाबा, रेखाताईंना फोन करून कॅन्सल करतो. सुतक आहे आपल्याला.”

“सुतक मला आहे. चित्रांना नाही,” मी म्हणालो. मी डागाचा शर्ट चढवला, गठ्ठे उचलले आणि चालत निघालो. मागून त्यानं दोन गठ्ठे माझ्या हातातून घेतले.

दमयंतीबाई गराजच्या दारातच खुर्ची लावून बसल्या होत्या. “भाऊ, तुम्ही आज कायले आले जी?” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मी गठ्ठे खाली ठेवले. पेन्सिल काढून भिंतीपाशी गेलो आणि तिथंच अडलो. खूण करायची कुठं? भिंतीशी उभं राहणारी कुठाय? रेखा म्हणाली, “काका, टेप देऊ?” पण आकडा मला ठाऊक असेल तर ना!

शर्टावरच्या डागाकडे नजर गेली. मग भिंतीला छाती लावली आणि दुसऱ्या बटणापाशी पेन्सिल टेकवली. भिंतीच्या दुसऱ्या टोकालाही तशीच. नितीननं दोरी ताणून धरली.

गाठ एका ओढीत सुटली. वरचंच चित्र निघालं ते तिचं आवडतं. मुलगा कितीक वर्षांनी घरी परतलाय, दारात उभाय, आणि आई खुर्चीतून अर्धी उठलीय.

“उठून राहिली पाहा माय,” दमयंतीबाई म्हणाल्या, आणि खुर्चीचे हात धरून पुढं वाकल्या. “कुठं होता हो तिचा लेक इतके दिवस?”

हे सांगायचं काम कुसुमचं. मी चिमटा लावला, घसा खाकरला आणि सांगायला लागलो.